दोन्ही गोळ्या वेळेवर

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या बालागन नगराच्या महापौर श्रीमती ल्युसिला ओलिव्हान. पूज्य फादर बेनितो. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या आरोग्य केंद्राच्या प्रमुख दोक्तोरा फिलोमेना ओरोपेसा. सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत बसणारे तरुण डॉक्टर याप्तिंचाय, ज्यांच्या आडनावाचा मी मघाशी जेवणाच्या टेबलामागे उभा राहून सराव करत होतो. व्यासपीठावरील इतर मान्यवर. आणि या बास्केटबॉलच्या मैदानात पत्र्याखाली दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, विशेषतः मागच्या रांगांतल्या मंडळींनो, ज्यांच्यापर्यंत पंख्याचा वारा पोचत नाही पण लेचोनचा, म्हणजे भाजलेल्या डुकराचा, खरपूस वास मात्र व्यवस्थित पोचतो आहे. आपणा सर्वांना माझं नम्र अभिवादन.

मी नेस्तोर ब्रोन्दियाल. आपल्या तांत्रिक शाळेत मुलांना बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकवतो. त्यामुळे माझ्या भाषेला थोडं ग्रीस लागलेलं असतं, ते आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे. सूत्रसंचालक रोमेल यांनी मला बजावलंय की थोडक्यात बोला आणि चांगलं चांगलं बोला. थोडक्याचं मी वचन देत नाही. चांगलं बोलायला मात्र मी मनापासून तयार आहे, कारण दोक्तोरांबद्दल चांगलं बोलायला या गावात कुणाला कष्ट पडतात?

मोठं वादळ झालं त्या वर्षी शाळेत आसरा घेतलेल्या बायकांची बाळंतपणं कुणी केली? दोक्तोरांनी. पलीकडच्या बेटावर गोवर पसरला तेव्हा समुद्र खवळलेला असताना होडीत कोण बसलं? पुन्हा दोक्तोरा, आणि होडीचं इंजिन माझ्याच एका विद्यार्थ्याने दुरुस्त केलेलं होतं, म्हणजे धाडस किती मोठं होतं ते तुमच्या लक्षात येईल.

हसा, हसा. पुढे फारसं हसायला मिळणार नाही.

आणि क्षयाचं काम! ते तर सगळ्या प्रांताला ठाऊक आहे. आरोग्य केंद्राच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली तो निळा बाक आहे. रोज सकाळी टीबीचे पेशंट तिथे ओळीने बसतात. समोर आरोग्यसेविका लूझ, आपल्या सगळ्यांच्या ताई म्हणून मानाय लूझ, उभ्या. त्या प्रत्येकाच्या हातावर लाल गोळ्या ठेवणार, गिळायला लावणार, मग म्हणणार, "आ कर. जीभ वर. आता बाजूला." एकदा कॅप्टन सेरानोंनी गोळी गालात लपवली तर मानाय लूझनी सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडात बोट घालून ती काढली होती. दोक्तोरांच्या कारकिर्दीत उपचार अर्धवट सोडून एकही पेशंट पळाला नाही, असं फाटकावरच्या फलकावर लिहिलंय आणि ते शंभर टक्के खरं आहे. कोण पळणार? मानाय लूझ घरी येऊन घेऊन जातात.

माझी धाकटी बहीण ग्लेंडा याच बाकावर बसायची. मला आज इथे बोलावलंय तेही तिच्यामुळेच. तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे छापलंय, 'यशस्वी रुग्णाचे कुटुंबीय'. खरं तर बोलावणं ग्लेंडालाच होतं. पण आज शनिवार आहे, आणि शनिवारी ती नागा शहरात डायलिसिसच्या मशीनवर असते. यशस्वी रुग्ण मशीनवर आहे म्हणून कुटुंबीय माइकवर आहे.

सकाळी तिला बसमध्ये बसवायला गेलो तेव्हा तिने खिडकीतून माझी कॉलर धरली. ती मला मानोय म्हणते, थोरला भाऊ म्हणून. म्हणाली, "मानोय, तू तिथे जाऊन भांडणार आहेस का?"

"मी भाषण करणार आहे."

"तुझं भाषण म्हणजे तेच. हे बघ, त्यांनी मला क्षयातून उठवलंय. नाहीतर आज मशीनवर झोपायलासुद्धा मी उरले नसते. निरोपाचा दिवस आहे, बाईचा हिरमोड करू नकोस."

मी म्हटलं, "बरं." बस सुटत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि आजारी बहिणीशी रस्त्यात हुज्जत घालावी इतका काही मी निर्दय नाही. पण परतताना वाटेत आरोग्य केंद्र लागलं. निळा बाक भरलेला होता. नवी तोंडं होती. मानाय लूझ म्हणत होत्या, "आ कर." मी फाटकाशी थांबलो आणि माझं डोकं फिरलं. म्हणून ग्लेंडा, माफ कर. मी हिरमोड न करता बोलायचा प्रयत्न करीन, जमेल असं वाटत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्लेंडाच्या दोन्ही किडन्या तरुणपणीच गेल्या. बंदरावर तिची खाणावळ होती, तिच्या हातचं नारळाच्या दुधातलं अळू खायला मच्छीमार रांगा लावायचे, आणि तीच पोरगी पुढे पाणीसुद्धा मोजून प्यायला लागली. तेव्हा मी माझी एक किडनी तिला दिली. यात माझं काही मोठेपण नाही. आईने विचारलं, "देशील?" मी म्हटलं, "दोन आहेत." संपला विषय. मनिलाला ऑपरेशन झालं. तिच्या पोटात उजवीकडे माझी किडनी बसवली. आजही ती तिथेच आहे. फक्त काम करत नाही.

पण काम करत होती! ऐन भरात करत होती. ग्लेंडाने खाणावळ पुन्हा उघडली. मी दुपारी जाऊन बसायचो आणि गिऱ्हाइकांसमोर तिला छळायचो, "माझ्या किडनीला आज काय खायला घातलंस?" ती पळी उगारून म्हणायची, "किडनी माझी आहे आता. तू आपला भात खा आणि उठ."

अशा माणसाला आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. शरीर मोठं संशयी असतं. परका अवयव दिसला की त्याला हाकलायला धावतं. ती गोळी शरीराला गुंगवून ठेवते. तिचं नाव टॅक्रोलिमस, पण घरी आम्ही तिला पहारेकरी म्हणायचो. सकाळी एक वेळ, संध्याकाळी एक वेळ, आणि रक्तात ती नेमकी किती उरली आहे हे बघायला दर महिन्याला मनिलाची वारी. कमी उरली तर शरीर किडनी हाकलणार, जास्त झाली तर औषधच किडनीला मारणार. ग्लेंडाने एक वेळ कधी चुकवली नाही. एकदा लग्नात नवरानवरी चर्चच्या दारात उभे असताना ही बाई फोटोतून बाजूला होऊन गोळी घेत होती. फोटोत तिची पाठ आली आहे.

आता शरीराला असं गुंगवून ठेवलं की क्षयाला वाट मिळते. तिला खोकला सुरू झाला. संध्याकाळी ताप यायचा. दोक्तोरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, आणि अचूक निदान केलं. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतोय. अचूक, आणि वेळेत. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. ग्लेंडाने विचारलं, "दोक्तोरा, माझ्या किडनीच्या गोळ्या चालू आहेत. त्या चालतील ना?"

दोक्तोरा म्हणाल्या, "चालतील काय? चालल्याच पाहिजेत! एकही चुकवायची नाही. ना त्या, ना या. दोन्ही गोळ्या वेळेवर."

आठवतं का, दोक्तोरा? तुम्ही मान हलवताय. मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. बाहेर आल्यावर मी ग्लेंडाला म्हटलंसुद्धा, "याला म्हणतात डॉक्टर."

आणि दोन्ही गोळ्या वेळेवर गेल्या, हो. सकाळी बाकावर लाल गोळ्या, "आ कर, जीभ वर", मग घरी येऊन पहारेकरी. माझ्या बहिणीइतकी आज्ञाधारक बाई या नगरात दुसरी नव्हती. माझी सगळी चिडचिड आहे ती इथेच आहे. कुणी हयगय केली असती तर त्याच्या नावाने बोटं मोडून मी मोकळा झालो असतो. हयगय कुणीच केली नाही.

दोक्तोरांनी सांगितलं, पहिले दोन महिने बसमध्ये बसायचं नाही, लोकांना लागण होईल. बरोबर होतं. ग्लेंडा बसली नाही. म्हणजे मनिलाची वारी बुडाली. तिने तिकडे फोन केला. तिकडच्या बाईंनी विचारलं, "का येत नाही?" आता आपल्याकडे काय रीत आहे? टीबी म्हणून कुणी उच्चार करतं का? 'छाती जरा कमजोर आहे' म्हणायचं, 'हवा बदलली' म्हणायचं. शिवाय तिची खाणावळ, तेव्हा बंद ठेवलेली, पण पुढे उघडायची होतीच. बंदरावर एकाने ऐकलं असतं की वाढणारीला क्षय आहे, तर उद्या अळू कुत्र्यांना घालावं लागलं असतं. ती म्हणाली, "थोडी सर्दी आहे." मनिलाची बाई म्हणाली, "बरं, काळजी घ्या, पुढच्या वेळी या." किती गोड बोलतो आपण एकमेकांशी!

रोमेल, मला हात दिसतोय तुमचा. घड्याळही दिसतंय. थोडं थांबा, भूक मलाही लागली आहे.

मग ग्लेंडाचं वजन वाढायला लागलं. क्षयाचा पेशंट वजनाने वाढला की बाकावर टाळ्या वाजतात, हे तुम्हाला माहीत आहे. खंगलेला माणूस भरू लागला म्हणजे औषध लागू पडलं. मानाय लूझनी तिला काट्यावर उभं केलं आणि ओरडल्या, "बघा बघा, ग्लेंडा कशी बाळसं धरतेय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या असत्या. लाल गोळ्या वजनावर देतात, म्हणून तिची एक गोळी वाढवली. घरी आई मात्र तिच्या पायांकडे बघत होती. बोट दाबलं की खळगा राहायचा. आई कुरकुरली, "सुकी मासळी सोड आता. मीठ आहे ते अंगात." सुकी मासळी बंद केली. मग मीठ बंद केलं. पाय काही उतरेनात.

ते बाळसं नव्हतं, बंधूंनो. ते पाणी होतं. माझी किडनी पाणी बाहेर टाकायची थांबली होती, आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

दोन महिने सरल्यावर आम्ही मनिलाला गेलो. आई, ग्लेंडा आणि मी. तिथले किडनीचे डॉक्टर व्हिलाफ्लोर, मोठा माणूस, ऑपरेशननंतरची तिची देखभाल त्यांच्याकडेच होती. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी तो टेबलावर आपटला.

"गोळ्या कधीपासून बंद केल्यास?"

"बंद नाही केल्या, डॉक्टर."

"ग्लेंडा, रक्त खोटं बोलत नाही. औषधाचा मागमूस नाही त्यात."

"मी रोज घेते."

"सगळे असंच म्हणतात. भावाने स्वतःची किडनी काढून दिली तुला, आणि तुला दोन वेळा गोळी गिळायला होत नाही?"

ती रडली नाही. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा विनोद करणारी माझी बहीण नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मलाही आता तसंच वाटत असणार. माझा तोल गेला. मी भर खोलीत शर्ट वर करून कुशीवरचा व्रण दाखवला आणि ओरडलो, "डॉक्टर, ही ज्याची आहे तो सांगतोय! ती घेते! स्वतःच्या मैत्रिणीच्या लग्नात फोटो सोडून घेते!"

तेवढ्यात आईने पिशवीतून डबा काढला. ती बिचारी समेट करायला गेली. म्हणाली, "भांडू नका. ती तर जास्तच गोळ्या घेते, डॉक्टर. बाकावरच्यासुद्धा घेते."

"कुठल्या बाकावरच्या?"

प्रवासाच्या दिवसांपुरती मानाय लूझनी बरोबर दिलेली लाल गोळ्यांची पट्टी आईने डब्यातून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी चष्मा काढला. पट्टी डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला कुणी का नाही सांगितलं?"

आता त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण व्यासपीठावरच्या डॉक्टरांना ते पुस्तकातून ठाऊक असेल, पण समोर बसलेल्यांपैकी कुणाला ना कुणाला उद्या त्या बाकावर बसायचंय.

आपलं यकृत बंदरासारखं आहे. पोटातून जे येतं ते तिथे उतरतं, आणि तिथले हमाल ते फोडून, वाहून, बाहेर टाकतात. या हमालांना विकरं म्हणतात, एन्झाइम म्हणा हवं तर. औषध आलं की हमाल त्याला हळूहळू हलवतात. किती हमाल आहेत त्याचा हिशेब धरूनच डॉक्टर गोळी किती द्यायची ते ठरवतात. आता लाल गोळीत एक औषध असतं, रिफाम्पिसिन. क्षयावर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण हा असा व्यापारी आहे की बंदरावर पाऊल टाकताच हमालांची नवी भरती करायला लावतो. एका दिवसात नाही होत ते, आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि मग धक्क्यावर हमालच हमाल. आणि हे हमाल नुसता त्याचाच माल उचलत नाहीत. दिसेल त्याचा उचलतात. ग्लेंडाचा पहारेकरी सकाळ-संध्याकाळ उतरायचा आणि कामावर पोचायच्या आधीच ते त्याला उचलून समुद्रात टाकायचे. ती रोज गोळी घेत होती, आणि रोज न घेतल्यासारखीच होती.

आणि हे काही किडनीवाल्यांपुरतं नाही. मूल नको म्हणून गोळी घेणाऱ्या बायका, हृदयात कृत्रिम झडप घालून रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, फिटांची औषधं घेणारे, सगळ्यांचाच माल ते उचलतात. शिवाय लाल गोळी संपल्यावर हमाल हळूहळू घरी जातात. तेव्हा कुणी मधल्या काळात दुसऱ्या औषधाचा डोस वाढवून ठेवला असेल आणि परत कमी करायला विसरला, तर त्याचं उलटं विष होतं.

उपाय होता का? होता! हेच तर मला छळतं. त्याच घराण्यातलं एक मवाळ औषध मिळतं, ते इतके हमाल बोलावत नाही. किंवा पहारेकऱ्याचा डोस आधीच कितीतरी पट वाढवायचा आणि रक्त दर दोन-चार दिवसांनी तपासत राहायचं. रक्त नागाला काढून कुरियरने मनिलाला पाठवता येतं. आणि या सगळ्याच्या आधी एक फोन. बाकावरून मनिलाला एक फोन. "तुमच्या ग्लेंडाला क्षय झालाय, लाल गोळी देऊ का?" एवढंच. ग्लेंडाने फोन केला, पण लाजेपायी हे सांगितलं नाही. ते सांगायलाच हवं होतं हे तिला कुणी बजावलं नव्हतं. आणि इथून कुणी केला नाही, कारण इथे क्षय बघायचा असतो आणि किडनी मनिलाने बघायची असते. माझ्या शाळेत दोन मुलं एकाच इंजिनावर एकमेकांना न सांगता काम करताना दिसली, तर मी दोघांच्या हातावर पाना मारतो.

डॉक्टर व्हिलाफ्लोरनी सगळं केलं. तिला ठेवून घेतलं, औषध बदललं, डोस वाढवले, शिरेतून औषधं दिली. क्षयाचा राहिलेला उपचार त्यांनी दिलेल्या औषधांवर, पण परत येऊन याच बाकावर, नर्सबाईंच्या हातून पुरा झाला. पण शरीराने तोवर परक्याला ओळखलं होतं. माझी किडनी एकदम नाही गेली. रडतखडत गेली. दर महिन्याला थोडी.

आता माझ्या चिडण्याचा दुसरा भाग. घाबरू नका, महापौरबाई, हा लहान आहे आणि त्यात तुम्ही आहात.

मी मनिलाहून परत आलो आणि थेट आरोग्य केंद्रात गेलो. दोक्तोरांना सांगायला. दारात नर्सबाई म्हणाल्या, "मानोय नेस्तोर, आत्ता नको. आपल्यासाठी इतकं राबतात, त्यांच्या जिवाला किती लागेल! आम्ही सांगू, सवडीने." दोक्तोरांना त्यांनी काय सांगितलं? ग्लेंडाच्या किडनीने साथ सोडली, एवढंच. मी नगरपालिकेत गेलो. महापौरबाई, तुम्ही मला कॉफी पाजलीत आणि म्हणालात, "नेस्तोर, प्रांताचं पारितोषिक जाहीर व्हायचंय, तेवढं होऊ दे. योग्य वेळी मी स्वतः बोलेन." कॉफी उत्तम होती. फादर, मी तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "बाळ, त्यांनी जे केलं ते प्रेमापोटी केलं." फादर, मी प्रेमाविरुद्ध तक्रार घेऊन आलोच नव्हतो. मला फक्त त्या बाईंना एक गोष्ट सांगायची होती, जी ऐकून त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपलं काम बदललं असतं. मला तशी खात्री आहे. आणि गावाने त्यांना ती ऐकू दिली नाही, कारण त्या आपल्याला आवडतात! आवडत्या माणसाला आपण त्याची चूक सांगत नाही. पारितोषिक देतो.

आणि ग्लेंडा? ती म्हणाली, "मानोय, गेलेली किडनी परत येणार आहे का? मग गप्प बस." म्हणून मी गप्प बसलो, आणि दातओठ खात इंजिनं उघडत राहिलो.

काय झालं? कोण उठलं? दोक्तोरा, तुम्ही बसा, मी संपवतोच आहे. नाही? माइक हवाय? रोमेल, द्या त्यांना. नाही, थांबा, तार पोचत नाही. तुम्ही तशाच बोला, दोक्तोरा, मी मागच्या रांगांना सांगतो.

दोक्तोरा विचारतायत, "मला हे आज कळतंय. हे खरं आहे का?"

खरं आहे, दोक्तोरा. तुमच्या नर्सबाई तिथे खाली मान घालून बसल्या आहेत, त्यांना विचारा.

दोक्तोरा विचारतायत, "ग्लेंडाला ठाऊक होतं? पदवीदानाच्या दिवशी?"

नव्या डॉक्टरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. उपचार पुरा करणाऱ्यांना आपण इथे, याच मैदानात, काळी चौकोनी टोपी घालून क्षयमुक्तीची पदवी देतो. बँड असतो. ग्लेंडाची हजेरी सगळ्यांत उत्तम होती, म्हणून तिला आभाराचं भाषण करायला लावलं होतं. तिच्या गळ्यापाशी डायलिसिसची नळी घातलेली होती. वरून तिने रुमाल बांधला होता. बघणाऱ्यांना वाटलं असेल, फॅशन आहे.

होय, दोक्तोरा. तिला ठाऊक होतं. सगळं.

दोक्तोरा विचारतायत, "मग तिने माझे आभार कसे मानले?"

तुम्ही स्वतः घरी बोलवायला आला होतात. हातात केक होता. तिला नाही म्हणवेना.

...

मंडळी, सगळे आपापल्या ताटांकडे बघतायत, आणि ताटं तर अजून रिकामीच आहेत.

मी संपवतो. मला इथे बोलावल्याबद्दल समितीचे आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. मानाय लूझ, तुमचे आभार, तुम्ही माझ्या बहिणीची जीभ रोज न कंटाळता तपासलीत. दोक्तोरा, तुम्ही तिला क्षयातून वाचवलंत, त्याबद्दल तिच्या वतीने आणि माझ्या वतीने आभार. हे मी औपचारिकता म्हणून म्हणत नाही. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून अधिक-उणं निघालं असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर लहान समजून पोटात घाला. एवढी चांगली दुपार मी खराब केली, त्याचीही क्षमा मागतो.

पण दोक्तोरा खाली बसल्या नाहीत. त्या पायऱ्या उतरून माइककडे येतायत, आणि डॉक्टर याप्तिंचाय यांना हाताने बोलावतायत. "त्या बाकाचं काम सोमवारी नको, आत्ताच," असं काहीतरी म्हणतायत. त्यांना काय सांगायचंय ते त्या सांगतील. ज्यांनी त्यांचं सांत्वन करायला किंवा टाळ्या वाजवायला हात वर केले असतील, त्यांनी कृपा करून ते खाली घ्यावेत. आज एकदा तरी त्यांना बोलू द्या.

घ्या, दोक्तोरा. माइक चालू आहे.